मुहूर्त कोणी ठरवायचा? ग्नोम, उबुंटू आणि सहा महिन्यांचं पंचांग



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांचे फोन आले. 'सर, तत्त्वज्ञान सोडून हे लिनक्स मध्येच कुठून काढलंत?' प्रश्न रास्त आहे. मी संगणकशास्त्राचा माणूस नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं आणि निवृत्तीनंतर लिनक्स वापरायला लागलो, इतकंच. पण वापरता वापरता एका आकड्यानं मला पकडलं. उबुंटू 24.04. मला आधी वाटलं, चोविसावी आवृत्ती असेल आणि तिची चौथी दुरुस्ती. तसं नाही. ते वर्ष आहे आणि महिना आहे. 2024 सालचा एप्रिल. म्हणजे वस्तूचं नावच तिची तारीख! आपण पुस्तकाला 'दुसरी आवृत्ती' म्हणतो, 'जून महिना' असं पुस्तकाचं नाव ठेवत नाही. नावातच तारीख घालायची म्हणजे उशीर करण्याची वाट स्वतःच बंद करायची. हे धाडस कुणाच्या जिवावर केलं असेल? त्याचा शोध घेत गेलो आणि एका चांगल्या तात्त्विक प्रश्नापाशी येऊन पोचलो. स्वतंत्र माणसांचे दोन समूह, एकमेकांना आज्ञा देण्याचा अधिकार कुणालाच नाही, तरी त्यांची कामं एका तालात कशी येतात?

आधी थोडी ओळख करून घेऊ. लिनस टोरवाल्ड्सनं 1991 साली जे लिहिलं तो फक्त गाभा, कर्नल. त्याच्यावर फायली हाताळणारी, छापणारी, पडद्यावर खिडक्या उघडणारी शेकडो सॉफ्टवेअरं लागतात आणि ती जगभरातले वेगवेगळे गट आपापल्या सवडीनं लिहितात. हे सगळं गोळा करून, एकमेकांशी जुळतं का ते तपासून, बसवता येईल असा संच करून देणारे जे असतात त्यांना डिस्ट्रिब्यूशन म्हणतात. डेबियन, फेडोरा, उबुंटू ही त्यांपैकी काही. तुम्ही डिस्ट्रिब्यूशनवाल्याला दिवाळी अंकाचा संपादक समजा. कथा तो लिहीत नाही, त्या मागवतो, तपासतो, लावतो. पण अंक दिवाळीला आला पाहिजे, तुळशीच्या लग्नानंतर येऊन उपयोग नाही. आणि या अंकातला सगळ्यात मोठा, सगळ्यांच्या नजरेत भरणारा मजकूर म्हणजे डेस्कटॉप. मेनू, खिडक्या, चिन्हं, आपण रोज ज्याच्याशी व्यवहार करतो ते. हा डेस्कटॉप लिहिणारे दोन मोठे प्रकल्प आहेत. केडीई 1996 साली सुरू झाला, ग्नोम 1997 साली.

आता बघा, संपादकाची तारीख एक आणि लेखकाची दुसरी असली की काय होतं. मी एका विद्यापीठाच्या अभ्यास मंडळावर काही वर्षं होतो. नवा अभ्यासक्रम जूनपासून लागू व्हायचा आणि त्याचं पुस्तक यायचं दिवाळीच्या सुट्टीनंतर. मंडळ आपल्या जागी बरोबर, पुस्तक लिहिणारा आपल्या जागी बरोबर, आणि मधल्या चार महिन्यांत मुलं जुन्या नोटसच्या झेरॉक्स काढत फिरायची. दोष कुणाचाच नव्हता. जुळणी नव्हती.

लिनक्सच्या जगात हीच स्थिती होती. डेबियनचा बाणा असा की, तारीख विचारू नका, तयार होईल तेव्हा येईल. याच्यामागे कामाविषयीची निष्ठा आहे, त्याला आळस म्हणू नका. पण परिणाम काय झाला? डेबियनची 'वुडी' ही आवृत्ती आली जुलै 2002 मध्ये आणि तिच्यानंतरची 'सार्ज' आली जून 2005 मध्ये. जवळजवळ तीन वर्षं. वुडीमध्ये ग्नोम होतं 1.4. म्हणजे डेबियनची स्थिर आवृत्ती वापरणारा माणूस 2005 च्या मे महिन्यात 2001 सालचा डेस्कटॉप वापरत होता.

ग्नोमचं स्वतःचंही पूर्वी फार बरं नव्हतं. 1.4 आलं एप्रिल 2001 मध्ये आणि 2.0 आलं जून 2002 मध्ये. चौदा महिने. त्यानंतर मात्र त्या मंडळींनी एक निर्णय केला: यापुढे काय काय तयार झालं हे बघून तारीख ठरवायची नाही. तारीख आधी ठरवायची आणि त्या दिवशी जे तयार असेल तेवढंच बाहेर काढायचं. दर सहा महिन्यांनी.

वरवर पाहता हे उलटं वाटतं. पण त्यातलं तर्कशास्त्र ध्यानात घ्या. पुढची आवृत्ती कधी येईल हे जर माहीत नसेल, तर प्रत्येकाला वाटतं की माझं काम याच आवृत्तीत घुसवलं पाहिजे, नाहीतर दोन वर्षं गेली. म्हणून तो अर्धकच्चं काम आणतो. ते पक्कं होईपर्यंत तारीख पुढे जाते. तारीख पुढे गेली म्हणून आणखी चौघे म्हणतात, मग आमचंही घ्या. तारीख आणखी पुढे जाते. हे चक्र आहे, आणि त्यात कुणीही वाईट माणूस नाही. उलट पुढची गाडी सहा महिन्यांनी नक्की आहे असं कळलं, की ही गाडी चुकण्याचं दुःख फारसं राहत नाही. माणूस शांतपणे म्हणतो, माझं काम पुढच्या खेपेला. नियमितपणामुळे घाई कमी होते, हा यातला खरा शोध. अर्थात तो ग्नोमनंच पहिल्यांदा लावला असं नाही. ओपनबीएसडी ही मंडळी 1996 पासून दर सहा महिन्यांनी आवृत्ती काढत होतीच.

ग्नोम 2.2 फेब्रुवारी 2003 मध्ये आलं, 2.4 त्याच वर्षीच्या सप्टेंबरात, 2.6 मार्च 2004 मध्ये. मार्च आणि सप्टेंबर, मार्च आणि सप्टेंबर, अशी लय बसली. या सहा महिन्यांच्या आत पायऱ्या असतात. त्यांना ते 'फ्रीझ' म्हणतात, आपण गोठवणं म्हणू. अमुक तारखेनंतर नवी सोय घालायची नाही. अमुक तारखेनंतर पडद्याचं रूप बदलायचं नाही. अमुक तारखेनंतर पडद्यावरचे शब्द बदलायचे नाहीत. आणि अगदी शेवटी, परवानगी घेतल्याशिवाय काहीच बदलायचं नाही. यातल्या शब्द गोठवण्याच्या पायरीकडे मी शेवटी पुन्हा येणार आहे, कारण तिथे आपला, मराठीचा, थेट संबंध येतो.

आता दुसरं पात्र. मार्क शटलवर्थ हा दक्षिण आफ्रिकेतला उद्योजक. आपली कंपनी विकून श्रीमंत झालेला, 2002 साली स्वखर्चानं अंतराळात जाऊन आलेला. 2004 च्या एप्रिलमध्ये त्यानं मुख्यतः डेबियनमधले डझनभर जाणकार गोळा केले आणि नवं डिस्ट्रिब्यूशन सुरू केलं, तेच उबुंटू. माल डेबियनचा, पण शिस्त ग्नोमची. ग्नोम 2.8 आलं 15 सप्टेंबर 2004 ला आणि उबुंटूची पहिली आवृत्ती 4.10 आली 20 ऑक्टोबरला. पाच आठवड्यांत. पुढच्या खेपेला ग्नोम 2.10 मार्च 2005 मध्ये आणि उबुंटू 5.04 हे 8 एप्रिलला. नावात तारीख घालण्याचं धाडस कुणाच्या जिवावर, या प्रश्नाचं उत्तर इथे मिळतं. डेस्कटॉपवाल्यांनी आपली तारीख आधी पाळून दाखवली होती. गंमत बघा, डेबियनचं सार्ज जून 2005 मध्ये आलं तेव्हा त्यातही ग्नोम 2.8 च होतं. जे उबुंटूच्या वाचकाला, म्हणजे वापरणाऱ्याला, मागच्या ऑक्टोबरातच मिळालेलं होतं!

हे चार-पाच आठवड्यांचं अंतर फार विचारपूर्वक ठेवलेलं आहे. डेस्कटॉपची आवृत्ती बाहेर आली की दोन-तीन आठवड्यांत तिची पहिली दुरुस्ती येते. ती पोटात घेऊनच डिस्ट्रिब्यूशन बाहेर पडतं. हेच अंतर उलट असतं, म्हणजे डिस्ट्रिब्यूशन डेस्कटॉपच्या पंधरा दिवस आधी येत असतं, तर काय झालं असतं? लोकांना सहा महिन्यांचा शिळा डेस्कटॉप मिळाला असता आणि ताजा साडेपाच महिने दारात उभा राहिला असता. शिवाय चुकांच्या तक्रारींचा प्रश्न. माणूस ताजी आवृत्ती वापरत असेल तर त्याची तक्रार लिहिणाऱ्याकडे पोचते तेव्हा तो भाग त्याच्या डोक्यात अजून गरम असतो. दोन वर्षं जुनी आवृत्ती वापरणाऱ्याची तक्रार पोचते तेव्हा तो म्हणतो, 'अहो, ते मी कधीच काढून टाकलं.' दोघांचीही मेहनत वाया.

मग एकदा परीक्षेची वेळ आली. 2006 ची आवृत्ती दीर्घ मुदतीच्या आधाराची पहिलीच आवृत्ती व्हायची होती, डेस्कटॉपवर तीन वर्षं आणि सर्व्हरवर पाच वर्षं सांभाळायची. तिला आणखी पक्कं करायला वेळ हवा होता. म्हणून ती एप्रिलऐवजी 1 जूनला आली आणि तिचं नाव 6.04 चं 6.06 झालं. सहा आठवड्यांची वाढ. आता पुढची आवृत्ती डिसेंबरात न्यायची का? नाही. ग्नोम काही थांबलेलं नव्हतं, ते आपल्या सप्टेंबरात येणारच होतं. म्हणून उबुंटूची पुढची आवृत्ती ऑक्टोबर 2006 मध्येच आली, पाच महिन्यांच्या आत.

हे वाचलं तेव्हा मला आपलं पंचांग आठवलं. चांद्रवर्ष सुमारे 354 दिवसांचं, सौरवर्ष 365 दिवसांचं. अकरा दिवसांचा फरक. जुळवून घेतलं नाही तर गुढीपाडवा सरकत सरकत पावसाळ्यात जाईल. म्हणून साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी अधिक मास घालतात, आणि क्वचित एखादा क्षयमासही येतो. 2006 साली उबुंटूनं आधी अधिक धरला आणि लगेच क्षय धरून पुन्हा सूर्याशी जुळवून घेतलं. इथे एक गोष्ट लक्षात येते: जुळवून घेणारा नेहमी चंद्र असतो. सूर्य कुणासाठी थांबत नाही.

आणि इथेच भांडणाला तोंड फुटलं. 2008 च्या मे महिन्यात शटलवर्थनं जाहीर प्रस्ताव मांडला. रेड हॅट, नोव्हेल आणि डेबियन या तिघांपैकी दोघे जर एका महिन्यावर आणि कर्नल, कंपायलर, ग्नोम, केडीई वगैरेंच्या ठरावीक आवृत्त्यांवर आधी सहमत होत असतील, तर मी उबुंटूची तारीख त्यांच्यासाठी बदलायला तयार आहे. कल्पना मोठी होती. सगळे एकाच आवृत्तीवर असतील तर एकानं केलेली दुरुस्ती सगळ्यांना लागू पडेल. तरीही ती जमली नाही, आणि आक्षेप विचार करण्यासारखे होते. पहिला आक्षेप स्वभावाचा: आम्ही हे काम आवडीनं करतो, आमची लय आमच्या कामातून येते, तुमच्या दुकानाच्या सोयीनं नाही. दुसरा न्यायाचा: जुळणीचा फायदा सगळ्यांना सारखा होतो का? ज्याची तारीख आधीपासून तीच आहे त्याला काही बदलायचं नसतं, बाकीच्यांनाच हलायचं असतं.

2009 च्या जुलैत स्पेनमधल्या कासेरेस इथे डेबियनचं संमेलन झालं आणि त्याच सुमारास घोषणा झाली की यापुढे डेबियन दर दोन वर्षांनी डिसेंबरात गोठवणार. डेबियनच्या कार्यकर्त्यांतच नाराजी उसळली. आम्हाला न विचारता ठरलं कसं? काही दिवसांत ती घोषणा मागे घेऊन पुनर्विचार करावा लागला. ती आवृत्ती शेवटी ऑगस्ट 2010 मध्ये गोठली आणि फेब्रुवारी 2011 मध्ये बाहेर आली. पण गोष्ट इथे संपत नाही. पुढे डेबियननं आपण होऊन एक मधला मार्ग काढला: गोठवण्याची तारीख आधी जाहीर करायची, बाहेर काढण्याची नाही. ती 'तयार होईल तेव्हा'च. आणि बघा, 2017, 2019, 2021, 2023, 2025, दर दोन वर्षांनी डेबियन येतंय. जे करारानं झालं नाही ते कुणी सही न करता झालं.

का झालं? डेव्हिड ह्यूमनं आपल्या 'ट्रीटाइज'मध्ये एक साधं उदाहरण दिलंय. दोन माणसं एका होडीत बसून वल्ही मारताहेत. त्यांनी एकमेकांना वचन दिलेलं नाही, तरी वल्ही एका तालात पडतात, कारण दुसरा ताल धरणार हे प्रत्येकाला दिसतंय आणि ताल चुकला तर होडी गोल फिरणार हेही दिसतंय. ह्यूमचं म्हणणं असं की मालमत्ता, भाषा, चलन या गोष्टी अशाच उभ्या राहिल्या. वचनातून नव्हे, संकेतातून. 1969 साली डेव्हिड लुईसनं याच कल्पनेवर 'कन्व्हेन्शन' हे पुस्तक लिहिलं. मला वाटतं ग्नोम आणि उबुंटू यांचं नातं ह्यूमच्या होडीतलं होतं. आणि 2008 चा प्रस्ताव म्हणजे वल्ही मारणाऱ्यांना मध्येच थांबवून करारपत्र पुढे करण्यासारखं होतं. करारपत्र दिसलं की माणूस विचारतो: होडी कुणाची?

संकेताचा आणखी एक गुण असा की तो मोडता येतो आणि पुन्हा धरता येतो. ग्नोम 3.0 मार्च 2010 मध्ये यायचं ठरलं होतं. ते तयार नव्हतं. मग काय केलं? मार्चमध्ये 2.30 आलं, सप्टेंबरात 2.32 आलं, वेळेवर. 3.0 मात्र एप्रिल 2011 मध्ये आलं. गाडी वेळेवर सुटली, प्रवासी तयार झाल्यावर चढला. तारीख पाळणं म्हणजे कच्चं काम लोकांच्या माथी मारणं, असा जो समज आहे त्याला हे उत्तर आहे.

त्याच एप्रिलमध्ये उबुंटूनं ग्नोमचा नवा डेस्कटॉप न घेता स्वतःचा 'युनिटी' पुढे केला. ताल सोडला. सहा वर्षांनी, एप्रिल 2017 मध्ये, परत येण्याची घोषणा केली आणि ऑक्टोबरच्या 17.10 मध्ये ग्नोम 3.26 घेतलं. परत येणं इतकं सोपं का गेलं? दोघांचीही पंचांगं मधल्या काळात बदललीच नव्हती!

आणि जुळलेल्या तारखा म्हणजे सक्ती नव्हे. 2021 च्या मार्चमध्ये ग्नोम 40 आलं, मांडणी बरीच बदललेली. एप्रिलमध्ये फेडोरा 34 नं ते घेतलं. उबुंटू 21.04 नं घेतलं नाही, ते 3.38 वरच थांबलं. तसंच केडीईचं. प्लाझ्मा 6 आलं 28 फेब्रुवारी 2024 ला. फेडोरा 40 नं एप्रिलमध्ये ते घेतलं. कुबुंटू 24.04 दीर्घ आधाराची आवृत्ती, तिनं जुनं 5.27 च ठेवलं. कुणी चूक, कुणी बरोबर असं नाही. पाहुणा वेळेवर दारात आला होता, घरच्यांनी आपली सोय बघून निर्णय घेतला. पण तो वेळेवर आला म्हणूनच निर्णय घेता आला.

आता शब्द गोठवण्याच्या पायरीकडे येतो. अमुक तारखेनंतर पडद्यावरचे शब्द बदलायचे नाहीत, हा नियम कुणासाठी आहे? भाषांतरकारांसाठी. ग्नोम एखादी भाषा 'आधार असलेली' मानतं ती निदान ऐंशी टक्के मजकूर भाषांतरित झाला तर. इंग्रजीतला शब्द शेवटच्या रात्री बदलला, की सगळ्या भाषांत त्या जागी भोक पडतं. मोठ्या भाषांकडे माणसं पुष्कळ, ती भोक रात्रीत बुजवतात. मराठीसारख्या भाषेकडे या कामाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं. पुण्यात रेड हॅटच्या कार्यालयातून भारतीय भाषांचं पुष्कळ काम झालं, मराठीचंही. 'लोहित' फॉन्ट तुमच्यातल्या अनेकांनी वापरला असेल. अशा मोजक्या माणसांना तारीख माहीत असणं ही चैन नव्हे, ती त्यांच्या कामाची अटच आहे. आपला शनिवार-रविवार कधी राखून ठेवायचा हे त्यांना कळायला हवं. आणि ग्नोमची तारीख डिस्ट्रिब्यूशनच्या तारखेशी जुळली असेल, तरच त्यांनी मार्चमध्ये केलेलं भाषांतर एप्रिलमध्ये नांदेडच्या किंवा पणजीच्या वाचकाला दिसतं. नाहीतर ते दोन वर्षं कपाटात.

म्हणून मला वाटतं की आधी जाहीर केलेली आणि पाळलेली तारीख हा दुबळ्याला दिलेला मान आहे. बलवानाला तारीख लागत नाही, तो केव्हाही माणसं उभी करू शकतो. 'तयार होईल तेव्हा' या वाक्यात कारागिराचा स्वाभिमान आहे, मला त्याचा आदर आहे. पण त्या वाक्यात वाट बघणाऱ्याला जागा नाही. ग्नोमच्या मंडळींनी वीस-बावीस वर्षांपूर्वी जो निर्णय केला त्यानं वाट बघणाऱ्याला जागा दिली, आणि कुणालाही आज्ञा न करता दिली.

इथे थांबतो. एक-दोन प्रश्न घेऊ.

प्रश्न: सर, मग आमच्यासारख्यांनी नवी आवृत्ती आल्या दिवशीच घ्यावी का?

उत्तर: माझं विचाराल तर नाही. मी दीर्घ आधाराची आवृत्ती घेतो, तीही पहिली दुरुस्ती आल्यावर. ती साधारण जुलै-ऑगस्टात येते आणि जुन्या दीर्घ आवृत्तीवरून नवीवर जाण्याचं आमंत्रण उबुंटू स्वतःच तेव्हा देतं. आधी आपल्या फायलींची प्रत काढून ठेवायची, हे मात्र विसरायचं नाही.

प्रश्न: काही डिस्ट्रिब्यूशनांना आवृत्तीच नसते, रोज थोडं थोडं नवं येत राहतं. तिथे हा प्रश्न सुटला ना?

उत्तर: त्यांच्यापुरता सुटला. आर्च लिनक्स तसंच चालतं. पण डेस्कटॉप लिहिणाऱ्याला आणि भाषांतर करणाऱ्याला कुठेतरी रेघ मारावीच लागते. नदी वाहती असली तरी घाटाच्या पायऱ्या मोजाव्या लागतात. वापरणाऱ्याला पंचांग दिसत नाही, इतकंच. ते कुणीतरी दुसरा बघत असतो.